येते म्हण

"अहो, आवाज वाढवा जरा," कुमुद म्हणाली आणि मटाराचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीकडे सरकली.

नायिका उंबरठ्यावर आली होती. ही मालिका ज्या कादंबरीवरून काढली होती, ती कॉलेजात वाचून कुमुदला जेवण गोड लागेनासं झालं होतं. घरच्यांनी लग्न मोडलेली ती मुलगी आईला 'जाते' म्हणते आणि सरळ नदीवर जाते. सगळी कादंबरी त्या एका शब्दावर उभी. टीव्हीवरची नायिका मात्र गोड हसून म्हणाली, "येते हं, आई."

"हात्तिच्या!" कमलाकर उखडले. "मरायला निघालेली मुलगी येते कशाला म्हणेल?"

कुमुदने डोळे वटारले. दारापाशी त्यांची लेक आभा चप्पल घालत होती. तिच्या लग्नासाठी शाहीदचं नाव घरात निघालं तेव्हा याच माणसाने "माझ्या जिवंतपणी नाही" म्हणून ताट ढकललं होतं. तेव्हापासून पोरगी न्हावा शेव्याच्या ऑफिसातून यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. परवा तिच्या उशाशी हीच कादंबरी दिसली होती.

"जाते मी, आई."

दार लागलं. बोबडं बोलायची तेव्हापासून आभाला कुमुदने 'येते' म्हणायला शिकवलं होतं. मटार घरभर सांडले. ती अनवाणीच जिना उतरली. गाढी नदी पुढच्याच वळणावर होती.

आभा फाटकापाशी रिक्षाला हात करत होती.

"आभा, थांब! येते म्हण."

"आई, काय हे?"

"आधी येते म्हण. नदीवर नाही ना चाललीस?"

आभाने आईचे हात धरले.

"वेडी आहेस का गं? पळस्प्याला शाहीद थांबलाय. उद्या रजिस्टर लग्न आहे आमचं."

"मग येते म्हणायला काय झालं?"

"बाबा घरात घेणार आहेत का? खोटं कशाला बोलू?"

पोरगी जगणार, एवढंच कुमुदला ऐकू आलं. तिला रडू फुटलं, आणि तेही आनंदाचं, याची तिला लाज वाटली.

"बस रिक्षात," ती म्हणाली. "पोचलीस की फोन कर."

ती वर आली तेव्हा टीव्ही बंद होता. कमलाकर गुडघ्यांवर बसून मटार वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

मुठीतले मटार त्यांनी हळूच ताटात सोडले.

"मग तिचं जेवण झाकून ठेव."