पाण्यावरचा आळ

मित्रांनो, मी पितळी आहे, एका डोळ्याचा आहे आणि साहेबांच्या मते अडगळ आहे. बेडकांवर संशोधन होते त्या प्रयोगशाळेतला मी सूक्ष्मदर्शक. मोठ्या पडद्याचे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो. हौदांची निगा राखणारे मामा तेवढे मला रोज पुसत.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका हौदातले बेडूकमासे मरू लागले.

"मामांनी पाणी बदललं नाही," साहेबांनी जागेवरूनच निदान केले. "चौकशी लावा."

"अहो साहेब, चारांतला एक मरतोय," मामा म्हणाले. "बाकीचे तीन त्याच पाण्यात मजेत पोहतायत. पाणी काय नाव विचारून मारतं?"

चौकशीच्या कागदावर संशोधक बाईंची सही हवी होती. त्यांनी पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. नवे यंत्र दुरुस्तीला गेले होते. नव्या यंत्रांची प्रकृती नाजूक असते. माझ्यावरचे फडके निघाले.

निरोगी बेडूकमाशाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात मी एक-दोन गडद ठिपके दाखवले. आजाऱ्यांच्या पेशींत एकही नव्हता.

"मामा, बघा. या ठिपक्यात रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए तयार होतो. तो नसला तर शरीराला प्रथिनं बनवता येत नाहीत. यांच्यात तो ठिपका जन्मापासूनच नाही."

"मग आठवडाभर जगले कशावर?"

बाई मामांकडे वळल्या. "आईच्या शिदोरीवर. अंडं तिच्या पोटात वाढत होतं ना, तेव्हा त्यात असे शेकडो ठिपके महिनोन् महिने राबून रायबोसोम साठवत होते. तो साठा आता संपला."

"म्हणजे माझं पाणी चांगलं होतं," मामा म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

बाईंनी कागद फाडला. मामांनी आजारी बेडूकमासे वेगळे काढून त्यांना ताजे पाणी दिले.

"मामा, ते वाचायचे नाहीत हो."

"कळलं, बाई. पण त्यांच्या आईनं काही कमी केलं नाही. मी कशाला करू?"

तीन दिवसांत ते सगळे गेले. पाणी शेवटपर्यंत स्वच्छ होते.

साहेब मात्र माझ्यापाशी आलेच नाहीत. माझ्यातून पाहायचे तर मान वाकवावी लागते. मित्रांनो, कुणाला दोष देण्याआधी तेवढी वाकवत जा. मोडत नाही.