बिनसाबणाचा अभ्रा

मित्रांनो, मी एक जुना अभ्रा आहे. उशीचाच, पण माझ्यातली उशी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर माझ्यात कोण कोण राहून गेलं हे ऐकलंत, तर तुम्ही माझ्यावर डोकं ठेवायला तयार होणार नाही.

माझी उमेदीची वर्षं गेली एका हॉटेलच्या धुलाईखान्यात. तिथल्या मुख्य मावशींना अभ्र्यावर सुरकुती दिसली की त्यांचं डोकंच फिरायचं. आधी सुवासिक साबण, मग कापड मऊ करणारं वासाचं पाणी, मग कडक इस्त्री. काय तो थाट! माझे पाय जमिनीला लागत नसत, आणि तसेही मला पाय नाहीतच.

एके दिवशी धुलाईयंत्रामागून साप निघाला. सगळे बाहेर पळाले, मावशी तेवढ्या टेबलावर चढून उभ्या राहिल्या. फोन केल्यावर एक पोस्टमन गणवेशातच धावत आला. साप-बेडकांची काळजी घेणाऱ्या मंडळाचा तो सभासद होता. घाईत तो पिशवी घरी विसरला होता. त्याने मला उचललं, सापाला अलगद माझ्यात सोडलं आणि माझं तोंड बांधलं. मला कापरं भरलं. पण अंधार आणि मऊ कापड मिळताच साप गुपचूप वेटोळं करून बसला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

"अहो, तो अभ्रा हॉटेलचा आहे!" मावशी टेबलावरून ओरडल्या. "परत कधी देणार?"

"या की मंडळात घ्यायला," पोस्टमन म्हणाला.

मावशी खरंच आल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर मंडळाची खोली होती आणि नाव एवढं लांब, की पाटीवर शेवटची अक्षरं अंग चोरून बसली होती: सरपटणारे व उभयचर प्राणी अभ्यास आणि संवर्धन मंडळ. मावशी आल्या मला न्यायला आणि काचेच्या पेटीतलं जखमी कासव बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. हॉटेलला त्यांनी माझ्याऐवजी नवा अभ्रा घेऊन दिला. मी मंडळातच राहिलो.

पुढे मावशी निवृत्त झाल्या. घरात प्रत्येकजण आपापल्या कामात. "मला सभासद करून घ्या," असं त्यांनी मंडळाला सांगितलं, तेव्हा सून हसली.

"आई, या वयात साप-बेडूक?"

"मग काय, या वयात तुझ्याशी भांडत बसू?"

नवा सभासद घ्यायचा की नाही हे सभेत हात वर करून ठरायचं. रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून आदल्या दिवशी मावशींनी मंडळाच्या सगळ्या कापडी पिशव्या घरी नेल्या, मलाही नेलं. आपल्याला जे उत्तम येतं ते त्यांनी मन लावून केलं. सुवासिक साबण, वासाचं पाणी, कडक इस्त्री. कितीतरी वर्षांनी माझी कॉलर ताठ झाली असती, कॉलर असती तर.

सभेच्या आधी पोस्टमनने एका रंगकाम चाललेल्या टाकीतून बेडूक वाचवून आणला. मला ओलं करून त्याला माझ्यात ठेवलं. थोड्याच वेळात तो धडपडू लागला. मग त्याची धडपड मंदावली. मला ते जाणवत होतं, पण अभ्र्याला हाक मारता येत नाही.

मंडळाच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी गाठ सोडली आणि वास घेतला.

"अरे, साबण! बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वास घेतो. सगळं अंगात भिनलं असेल!"

"मी धुतल्या," मावशी लगेच म्हणाल्या. कोणी विचारलंही नव्हतं.

नळाच्या पाण्यातलं जंतू मारणारं औषधही बेडकांना बाधतं, म्हणून मंडळात पाणी उघडं ठेवून ते उडून जाऊ द्यायची पद्धत होती. डॉक्टरबाईंनी बेडूक तळहातावर घेतला आणि मावशी त्याच्यावर ते पाणी हळूहळू ओतत राहिल्या. बेडकाच्या गळ्याखालची कातडी हलेना. मावशी ओतत राहिल्या. किती वेळाने कोण जाणे, ती कातडी एकदा हलली. मग पुन्हा हलली.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "मला नका घेऊ सभासद. माझ्या मायेनं जीव घेतला असता त्याचा."

"पिशव्या कशा धुवायच्या हे सांगायचं काम आमचं होतं, मावशी. आम्ही सांगितलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही न विचारता चूक कबूल केलीत, शिवाय पाणी ओतत राहिलात म्हणून तो वाचला. चला, सभा सुरू. मावशींना घ्यायचं, त्यांनी हात वर करा."

त्यांनी बेडूक पोस्टमनकडे दिला आणि आपला ओला हात वर केला. मग बाकीच्यांचे हात वर गेले. पोस्टमनचे दोन्ही हात अडकलेले. त्याने बेडकासकट वर केले.

आता पिशव्या धुणं मावशींकडेच आहे, नुसत्या पाण्याने. मी विरलोय, चुरगळलोय, माझ्या अंगाला कसलाही वास येत नाही. पण माझ्यातून कितीतरी जीव सुखरूप आपापल्या तळ्याकाठी गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. मित्रांनो, तुम्हाला कुणाची काळजी घ्यावीशी वाटली, तर जरूर घ्या. फक्त त्याला काय सोसतं, हे आधी कुणाला तरी विचारा. विचारायला लाजू नका. माझ्यातल्या त्या बेडकाला स्वतःहून सांगता आलं नव्हतं.