लांबवायच्या गोळ्या

मायाक्कानं सुनेचं मनगट घट्ट धरलं आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हातानंच थोपवत विजापूर रोड ओलांडला. पलीकडं पोचल्यावरही तिनं ते सोडलं नाही. प्रियंकानं हात जरासा मागं ओढून पाहिला, पण आयुष्यभर मेंढरांचे पाय धरलेली ती पकड होती. सहजासहजी सुटण्यातली नव्हती.

"आत्या, कोपऱ्यावर बी मेडिकल हुतं की," प्रियंका म्हणाली. "जवळ पडलं असतं."

"हितंच जायचं," मायाक्का म्हणाली आणि पायरी चढली.

सोलापुरात गल्लीला दोन-दोन मेडिकल असताना सासूला नेमकं हेच दुकान सुचावं, याचा अर्थ लावायला प्रियंका धजत नव्हती.

सकाळी भाकऱ्या आटोपल्यावर सासूनं एवढंच सांगितलं होतं, की चल, लांबवायच्या गोळ्या आणू. खरं तर यात नवल काही नव्हतं. आठ दिवसांनी अमावस्या, गावाकडं बिरोबाला निवद, आणि घरच्या सुनेची पाळी नेमकी त्या दिवशी येऊ नये म्हणून अशा गोळ्या गल्लीतल्या सगळ्याच बायका घेतात. लग्न असो, वास्तुशांती असो, मेडिकलवर जाऊन खणखणीत आवाजात मागतात. देवाच्या कामाला लाज कसली. पण प्रियंकाच्या लेखी लांबवायच्या गोळ्या म्हणजे दुसऱ्याच. पाळी नव्हे, पाळणा लांबवायच्या. त्या ती पाच महिने याच दुकानातून लपूनछपून नेत होती, आणि चार दिवसांपासून त्यांचं पाकीट जागेवर नव्हतं.

धाकटीच्या लंगोटांच्या गाठोड्यात ते असायचं. या चार दिवसांत तिनं ते गाठोडं किती वेळा सोडलं आणि बांधलं याला गणती नाही. कुणाला विचारायची सोय नव्हती. नवं आणायला बाहेर पडावं तर सासू सावलीसारखी मागं. भाजी आणायला निघालं तरी, थांब, मीबी येते. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालेलं. सासू नुसती खोकली तरी प्रियंकाच्या हातातलं भांडं पडत होतं.

भ्यायला कारणही तसंच होतं. धाकटीच्या बाळंतपणात तिचं बीपी चढलं आणि झटके आले. दोन दिवस शुद्ध नव्हती. सरकारी दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, श्रीमंतला, समोर बसवून बजावलं होतं, की तीन वर्षं तरी पुन्हा विचार करू नका, हिच्या जिवावर बेतेल. श्रीमंतनं मान डोलावली. पायऱ्या उतरता उतरता मात्र तो आईला म्हणाला, डॉक्टर असंच भ्या घालत्यात, दोन पोरींवर थांबायचं व्हय. मायाक्का त्यावर हूं की चूं बोलली नव्हती. त्या गप्प बसण्याचा अर्थ प्रियंकानं तेव्हाच लावून टाकला होता. लेकाच्या शब्दाबाहेर ही बाई कधी गेलेली नव्हती.

श्रीमंत ट्रकवर होता. दहा दिवस गुजरातेत गेलेला, आज संध्याकाळी येणार होता. गोळ्या सापडल्या असतील तर माहेरची वाट, आणि नाही घेतल्या तर त्याहून लांबची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत. प्रियंकाला रडू येत होतं आणि रडायचीही चोरी होती.

काउंटरमागं धम्मप्रिया होती. दुकानाचा मालक संध्याकाळी यायचा. दिवसभर ही फार्मासिस्ट पोरगीच सगळं बघायची. प्रियंका पहिल्यांदा आली तेव्हा बाम द्या, साबण द्या करत अर्धा तास रेंगाळली होती. गिऱ्हाईक पांगल्यावर धम्मप्रियानंच हळूच विचारून घेतलं. झटक्यांचं ऐकल्यावर तिनं लगेच गोळ्या काढून दिल्या नाहीत. आधी दवाखान्यात पाठवलं, बीपी बघून चिठ्ठी आणायला लावली आणि मग एकेका महिन्याचंच पाकीट द्यायला लागली. दर वेळी बीपी किती ते विचारायची, आणि तपासलं नसेल तर परत पाठवायची.

आत्ता तिनं दोघींना पायरीवर पाहिलं. एका म्हाताऱ्याला मधुमेहाचं औषध कधी घ्यायचं ते ती समजावून सांगत होती. प्रियंकानं डोळ्यांनी तिला विनवलं. ओळख दाखवू नका, बाई. नेहमीचंच का म्हणून विचारू नका. म्हातारा काठी टेकत उतरला. धम्मप्रियानं प्रियंकावरून नजर अशी फिरवली, की जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

"बोला मावशी, काय पाहिजे?"

"लांबवायच्या गोळ्या," मायाक्का म्हणाली.

धम्मप्रियानं वळून दुसऱ्याच खणातलं एक लहानसं पाकीट काढलं. कार्यक्रम कधी आहे, पाळीची तारीख काय, असं तिनं रीतसर विचारलं. मायाक्कानं अमावस्या सांगितली. प्रियंकाला वाटलं, वाचलो. सासू खरोखरच निवदासाठी आली होती, आणि आपण उगाच मेल्याहून मेल्यासारखे झालो होतो. पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, वाचलो कुठलं? ह्या गोळ्या तिच्या काय कामाच्या. नवरा संध्याकाळी दारात उभा राहणारच होता.

मायाक्कानं कमरेची चंची काढली. सुपारी, चुन्याची डबी बाजूला सारत तिनं आतून घडी घातलेली एक कागदी पिशवी ओढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. पिशवीवर दुकानाच्या पाटीवरचंच मोराचं चित्र होतं. मग तिनं पिशवीत बोटं घालून पाकीट बाहेर काढलं.

"त्या न्हवं. ह्या."

अर्ध्या पांढऱ्या गोळ्या संपलेल्या, खाली सात तांबड्यांची ओळ तशीच. प्रियंकानं काउंटरची कड धरली. बाहेर गाड्यांचे आवाज चालू होते आणि तिला ते कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटत होते. आता हिनं गल्लीत आवाज काढला तर? इथंच केस धरले तर? तिच्या मनात आलं ते भलतंच होतं: थोरलीचा शाळेचा डबा कोण भरेल.

धम्मप्रियाही गडबडली असणार. तिनं पाकीट उचललं, उलटसुलट केलं, आणि खोटं बोलली.

"ह्या पण त्याच मावशी. पाळीच्याच. देवाधर्मासाठी घेतात."

मायाक्का तिच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, बाजारात खोटा भाव सांगणाऱ्याकडं बघावं तसं.

"म्याडम, मला वाचाया येत न्हाय, पर डोळं हायत. पिशवीवरचं चित्र बगून हितं आले. श्रीमंत झाला तवा गावात नर्सबाई ह्याच गोळ्या वाटत हुती. खाली तांबड्या, आशाच. ह्या पाळीच्या न्हाईत. पाळणा लांबवायच्या हायत."

प्रियंकाच्या तोंडून, आत्या, एवढंच निघालं, आणि तेही नीट नाही.

"तू गप," मायाक्का म्हणाली. मग धम्मप्रियाकडं वळून, आवाज खाली आणत, "मी चार दिस दडवून ठिवल्या. चार दिस हिच्या पोटात गोळी गेली न्हाय. आज माजा ल्योक येतोय. आता काय करायचं ते सांगा."

प्रियंकाला आधी ते कळलंच नाही. शब्द ओळखीचे होते, पण त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. धम्मप्रियानं मात्र वेळ घालवला नाही. तिनं विचारायचं ते सगळं विचारून घेतलं: शेवटची गोळी कुठल्या वारी घेतली, श्रीमंत कधीपासून घरी नाही, डोकं दुखतं का, बीपी गेल्या वेळी किती होतं. प्रियंका यंत्रासारखी उत्तरं देत गेली. मग धम्मप्रियानं सांगितलं, की आज आत्ता एक घ्यायची, उद्यापासून रोज ठरल्या वेळी एक. पांढऱ्या संपल्या की तांबड्या, त्या नुसत्या लोहाच्या, सोडून सरळ नवं पाकीट चालू करायचं. मधे चार दिवस गेलेत, त्यामुळं सात दिवस ह्या गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. सात दिवस नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. तिनं दुसरा उपायही सुचवून पाहिला, पण तो श्रीमंतच्या मर्जीवरचा होता. दोघींचे चेहरे बघून तिनं तो तिथंच सोडला.

"सात दिस," मायाक्का स्वतःशी म्हणाली.

तिनं स्टुलावर बसकण मारली. गोरीमोरी झालेली ती रापलेली बाई प्रियंकानं अशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

"पैल्या दिशी वाटलं, आला की श्रीमंतालाच दावायच्या," ती सुनेकडं न बघता म्हणाली. "लई राग आलता. मग काल धाकटी तुज्या पदराला धरून उबी ऱ्हायली, आन् मला ते झटकं आटवलं. तुजं पाय मी धरलं हुतं त्या दिशी. माज्या हातात तडफडत हुतीस."

प्रियंकाला हे ठाऊक नव्हतं. तिला त्या दोन दिवसांतलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पर त्येला कळलं," मायाक्का पुढं म्हणाली, "तर मी तुज्या बाजूनं बोलायची न्हाय. आदीच सांगते. तेवढं बळ न्हाय माज्यात." मग तिनं हात पुढं केला. "लाव फोन त्येला."

प्रियंकानं नंबर लावून फोन सासूच्या हाती दिला. श्रीमंत कुठंतरी रस्त्यातच होता. हॉर्न ऐकू येत होते. मायाक्कानं आधी जेवलास का म्हणून विचारलं, मग सांगितलं, की ह्या वक्ताला निवदाच्या आदी घरात सात दिस पाळायचं हाय, तू गच्चीवर झोपायचं. पलीकडचं बोलणं प्रियंकाला कळलं नाही, नुसता चढता सूर आला.

"आजवर एकच दिस पाळत हुतो, खरं हाय," मायाक्का म्हणाली. "आता सात." पुन्हा पलीकडून काहीतरी आलं. "कुणी सांगितलं म्हंजी? देवानं सांगितलं. सपनात."

ज्या बाईनं जन्मात कधी बिरोबाच्या नावानं खोटी शपथ घेतली नव्हती, तिनं हे एका दमात सांगितलं आणि फोन परत दिला. मग दोन्ही कान चिमटीत धरून, ओठ न हलवता पुटपुटावं तसं म्हणाली, "काय आसंल ते माज्यावर घाल." धम्मप्रिया मान वळवून खण लावत बसली.

गोळी प्रियंकानं तिथंच घेतली, धम्मप्रियाच्या बाटलीतल्या पाण्यानं. धम्मप्रियानं नवं पाकीट दिलं, एकच, आणि पुढच्या आठवड्यात बीपी बघून ये म्हणून बजावलं. दवाखान्यातल्या बाईंना चार दिवसांचंही सांग म्हणाली. प्रियंकानं पाकीट घ्यायला हात पुढं केला, तोवर मायाक्कानं जुनं नि नवं दोन्ही उचलून चंचीत कोंबली होती आणि गाठ मारली होती.

"ह्या माज्यापाशी ऱ्हातील. लंगोटात कुनाचा बी हात जातोय. माज्या चंचीला श्रीमंत शिवत न्हाय. रोज सांजंला मागून घ्यायची."

प्रियंका त्या गाठीकडं बघत राहिली. सुटल्यासारखं वाटत होतं आणि नव्यानं अडकल्यासारखंही. उद्यापासून तिचा जीव या बाईच्या कमरेला असणार होता, आणि ही बाई लेकासमोर तोंड उघडणार नव्हती. रोज मागायची, आणि एखाद्या संध्याकाळी हिनं दिलीच नाही तर?

तिनं विचारलं ते थोडं वळसा घेऊनच.

"आत्या, एखाद्या दिशी इसरलं म्हंजी?"

मायाक्का पायरी उतरता उतरता थांबली.

"चार दिस इसराया बगितलं की," ती म्हणाली. "जमलं न्हाय."