शेठचा पगार विचारायचा नसतो

मिरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत त्या सकाळी वासंती मेथी निवडत बसली होती. नवऱ्याने, दत्तारामने, तिच्यापुढे एक कागद सरकवला. "सही कर. शेठच्या पुतण्याला द्यायचाय."

दत्ताराम भाईंदरला याच शेठच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं राबून निवृत्त झालेला. कंपनीने मागे कामगारांना शेअर दिले, त्यातले निम्मे त्याने बायकोच्या नावावर घेतले. तेव्हापासून दरवर्षी भागधारकांच्या सभेआधी हा कागद यायचा: माझं मत पुतण्याने द्यावं. वासंती कणकेच्या हातानेही सही करून मोकळी व्हायची.

"पण ठराव कसला आहे?" सून सुरुचीने विचारलं. "कंपनीचा अहवाल मेलवर येतो ना?"

कधीच आला नव्हता. सुरुचीने कंपनीत फोन केल्यावर उलगडा झाला. कामगारांकडे ईमेल नव्हता, म्हणून कारकुनाने सगळ्यांच्या फॉर्मवर कंपनीचाच लिहून टाकला होता. सहा वर्षं सव्वाशे घरांचे अहवाल कंपनीच कंपनीला पाठवत होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

सुरुचीने भांडून अहवाल मिळवला. पाच वर्षं तोटा, म्हणून लाभांश नाही, पगारवाढ नाही. शेठचा पगार मात्र वाढवायचा ठराव. किती होता? 'परिशिष्टात पाहावे.' परिशिष्ट जोडलेलंच नव्हतं.

"मी सभेत विचारणार," वासंती म्हणाली.

"शेठचा पगार? लाज आहे का काही?" दत्ताराम तडकला. "त्यांचं मीठ खाल्लंय आपण!"

"तुमचा पगार गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होता. तेव्हा नाही कोणाला लाज वाटली."

मुलगा कौस्तुभ त्याच कारखान्यात कंत्राटावर होता. "आई, पुढच्या महिन्यात मला परमनंट करतायत. या वर्षी नको ना!"

 आठवडाभर वासंती रात्री उठून बसत होती. पोराच्या पोटावर पाय देतेय का मी, हा एकच विचार डोकं पोखरत होता. पण सही तिने केली नाही.

सभेच्या हॉलमध्ये पुरीभाजीचा वास सुटला होता. रीतच तशी: ठराव वाचायचा, हात वर करायचे, जेवायला पळायचं. प्रश्नांसाठी माइक फिरवायचं काम नेमकं कौस्तुभकडे होतं.

वासंती उभी राहिली. "शेठ, तुमचा पगार किती?"

 दत्ताराम तिचा पदर ओढू लागला.

"वहिनी, घरचीच माणसं आपण," शेठ हसले. "आधी जेवून घ्या. कौस्तुभ, आईला बसव बघू."

कौस्तुभ आला.  त्याने माइक आईच्या तोंडाजवळ धरला. "विचार, आई."

तिने पुन्हा विचारलं. शेवटी हिशेबनीस मान खाली घालून बोलला, "वर्षाला दोन कोटी चाळीस लाख."

मागून कोणीतरी कळवळून "अरे देवा" म्हणालं.

शेठने घाईने ठराव मतास टाकला. अशा ठरावाला चारातली तीन मतं लागतात. घरोघर कागद फिरवायचे ते त्यासाठीच. दत्तारामचा हात सवयीने खांद्यापर्यंत गेला. त्याने मुलाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. मग शेजारचा हात उतरला, मग त्याच्या पुढचा.

ठराव पडला. सोमवारी कौस्तुभला गेटवरूनच परत पाठवलं.

शेठला दोष देणं सोपं आहे. पण इतकी वर्षं न विचारता वर जाणारे ते हात शेठचे नव्हते.