शेवटच्या गड्याची हाक

तरुणपणी मास्तर देशाच्या संघातून रग्बी खेळले होते, आणि तेही फुलबॅक म्हणून. फुलबॅक म्हणजे साऱ्या संघाच्या पाठीमागे एकटा उभा राहणारा गडी. पुढच्या चौदा जणांच्या चुका पोटात घालता येतात. ह्याची चूक मात्र चव्हाट्यावर येते. आभाळातून उतरणाऱ्या लंबगोल चेंडूखाली जावयाचे, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड देहांकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, आणि ‘माझा’ अशी खणखणीत हाक द्यावयाची. हाक आली की आपल्या बाकीच्या गड्यांनी बाजूला व्हावे, हा ह्या खेळातील शिरस्ता होय. मास्तरांची हाक एवढी बुलंद की सोबती म्हणत, हा ओरडला तर शेजारच्या गावातसुद्धा कोणी चेंडू झेलणार नाही.

त्या गोष्टीला बराच काळ लोटला. गुडघ्यांनी साथ सोडली. केसांनी तर त्याही आधी. सांप्रत ते लोकांस मोटार चालविण्यास शिकवीत, म्हणूनच त्यांना मास्तर हे नाव पडले. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्या गुरूच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्यावरून क्वचितच उचलला जाई.

त्यांची एकुलती एक लेक त्यांच्याच जागी खेळत असे. घरामागच्या बोळात मास्तरांनी तिला वर्षानुवर्षे घडविले होते. चेंडू उंच उडवावा, कधी तिने हाक देऊन झेलावा, तर कधी मास्तरांनी हाक द्यावी आणि तिने पाऊल मागे घ्यावे. आज निवडीचा शेवटचा सामना होता. देशाच्या संघात तिला जागा मिळणार की नाही, हे ह्याच सामन्यावर ठरावयाचे होते. निवड समितीचा प्रमुख मास्तरांचाच जुना सोबती, पहिल्या रांगेत खेळणारा. त्याला सारे ठोकळा म्हणत.

मध्यंतराच्या थोडे आधी प्रतिपक्षाने चेंडू उंच मारला. तो मास्तर बसले होते त्याच कडेला येऊ लागला. लेक बरोबर त्याच्या खाली आली. इतक्यात मास्तर ताडकन उठले आणि त्यांच्या कंठातून हाक निघून गेली.

“माझा.”

लेकीचे पाऊल मागे सरले. चेंडू ओसाड जागी आपटला, प्रतिपक्षाच्या मुलीने तो उचलला व रेषेपलीकडे नेऊन टेकविला, आणि गुण त्यांच्या पदरात पडले.

मग शेजारी बसलेली पत्नी हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, तुमचा होता तर झेलायचात तरी.”

मास्तरांचे तोंड काळेठिक्कर पडले. मध्यंतर होताच ते लंगडत ठोकळ्यापाशी गेले.

“चूक माझी आहे, तिची नाही.”

“ते अख्ख्या मैदानाला ऐकू आलं रे,” ठोकळा शांतपणे म्हणाला. “पण मला खेळाडू निवडायचाय, खेळाडूचा बाप नाही. उद्या गर्दीतून कुणीही ओरडेल. तेव्हा ही काय करणार?”

मास्तर परत येऊन बसले.

“मी बाहेर जाऊन थांबतो,” ते पत्नीला म्हणाले.

“म्हणजे तिने खेळायचं की तुम्हाला शोधत बसायचं? बसा गप. आयुष्यात एकदा तरी गप बसून बघा.”

उत्तरार्धात वारा सुटला. खेळ संपत आला असता चेंडू पुन्हा उंच चढला आणि पुन्हा त्याच कडेला वळला. कोठे उभे राहावे, हे मास्तरांना तत्काळ उमगले. लेक मात्र तेथे नव्हती. ती बरीच आत, मैदानाच्या मध्याकडे उभी होती. हाक ओठांवर आली. मास्तरांनी दातांखाली ओठ धरला आणि पत्नीचे मनगट इतके आवळले की तिच्या बांगडीचा वळ उठला.

वाऱ्याने चेंडू आत ओढला.

“माझा,” लेक ओरडली. बाजूने धावत आलेली तिची सोबतीण थबकली. चेंडू लेकीच्या छातीशी विसावला, त्याच क्षणी प्रतिपक्षाच्या दोघीजणी तिच्यावर आदळल्या. ती कोसळली; चेंडू सुटला नाही.

मास्तरांनी जेथे पाय रोविले असते, तेथे गवताशिवाय काहीही पडले नव्हते. हे त्यांनी नीट पाहिले, आणि त्यांना विलक्षण हलके वाटले.

सायंकाळी ठोकळ्याने नावे वाचली. लेकीचे नाव राखीव फुलबॅक म्हणून आले.

“पहिला चेंडू मला विसरता येत नाही,” तो मास्तरांना म्हणाला, “आणि दुसराही नाही.”

लेक खांद्यावर पिशवी टाकून बाहेर आली. कोपर सोलवटलेले होते. मास्तर मान खाली घालून म्हणाले, “माझ्यामुळे तुझी जागा गेली.”

“गेली कुठे? दाराशी उभी आहे. पण बाबा, देशाच्या सामन्याला आलात तर समोरच्या संघामागे बसा. मग हवं तेवढं ओरडा.”

पत्नी खळखळून हसली. मास्तरांनाही हसू आवरेना.

चालता चालता लेकीने विचारले, “देशाचा सामना होणार त्या मैदानावर तुम्ही खेळलाय ना? वारा कसा असतो तिथे?”

मास्तरांना एकेक कोपरा तोंडपाठ होता. त्यांनी बोलावयास तोंड उघडले, आणि थोडे थांबले.

“तेव्हा भोवती झाडं होती,” ते म्हणाले. “आता इमारती झाल्या असतील. तूच जाऊन बघ, आणि मला सांग.”