गोदूच्या श्वासाची जागा

ओवे गावच्या गुणाबाई आणि गोदूबाई या दोघी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, जोडीने गाणाऱ्या. मी पनवेलात कॅसेटी भरायचो, त्यामुळे आवाजातलं आपल्याला सगळं कळतं असा मला भारी माज. पण एकीचा दम संपायच्या आत दुसरी सूर नेमका कुठे उचलते, हे मला दहा वर्षांत एकदाही पकडता आलं नाही.

चौऱ्याण्णवच्या माघात गोदूच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पंधरा दिवसांवर तिच्या लेकीची, ठकीची हळद. गुणाबाईने एकटीने गायला साफ नकार दिला, दुसरी कोणी जोडीलाही नको म्हणाली. आता धवल्याशिवाय हळद लागायची कशी? गोदू नुसती रडायची, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

माझ्याकडे गोदूने एकटीने गायलेली जुनी टेप होती. मी शहाणा, हळदीला टेपच लावू म्हणून गुणाबाईला कसंबसं एका ओळीपुरतं राजी केलं, तिचा आवाज भरून घेतला, ओळीच्या मध्यावर तो हळूहळू उतरवला आणि गोदूचा चढवला. गुणाबाईने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या दोन बायका हायत. आमी अशा नाय गात."

माझी भाची किशोरी तेव्हा कॉम्प्युटर शिकून आली होती. मी तिला अक्कल शिकवायला गेलो तर तिने मलाच गप्प केलं.

"मामा, एक कमी करून दुसरा वाढवायचा नाही. ह्याचाच तो करायचा."

एका आवाजात म्हणे बारीकसारीक कितीतरी सूर असतात. तिने गुणाबाईचे सगळे सुटे केले, गोदूचेही केले, आणि एकेकाला त्याच्या जोडीदाराकडे कणाकणाने सरकवत नेलं. एका ओळीला कॉम्प्युटर चार तास खायचा. ती ओळ पोरीने अकरा वेळा केली. मी ऐकली आणि माझा सगळा माज उतरला. सांधा म्हणून कुठे सापडेना. असली करामत मी जन्मात ऐकली नव्हती.

दोघींना बोलावून टेप लावली. गुणाबाईचा आवाज अजून भरात होता, तेवढ्यात समोर बसलेल्या गोदूने छाती भरून श्वास घेतला आणि तिचे ओठ हलू लागले. किशोरीने माझा हात दाबला. टेपवरचा आवाज नेमका तिथूनच गोदूकडे सरकायला लागत होता.

ओळ संपली. पुढे टेप कोरी होती. गोदूने मांडवात आपली ओळ संपली की वळवायची तशीच मान गुणाबाईकडे वळवली आणि थांबली.

गुणाबाईने पुढची ओळ उचलली.