अडतीस मुलं

सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बाई पीएचडीला आल्या. नवरा गेला होता, मुलगी दूर नोकरीला. "ताई, या वयात कशाला डोक्याला ताप?" धाकटी बहीण म्हणाली. पण भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून बाईंनी रजा टाकली आणि विद्यापीठाजवळ एक खोली घेतली.

दर बुधवारी अध्यापन-अध्ययनाचा सेमिनार असे. अकरा विद्यार्थी, बहुतेक मुलीच्या वयाचे. बाई मनात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा दुसऱ्याच गावाला पोचलेली असे. चहाला सगळे घोळक्याने जात. बाईंना कोणी 'येऊ नका' म्हणत नसे, पण 'चला' असंही कोणी म्हणत नसे.

एका बुधवारी सरांनी नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. "चिठ्ठीतल्या माणसाकडे तीन आठवडे लक्ष ठेवा. तो शिकतो कसा, ते टिपा. कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही."

बाईंना एका उंच, वादपटू मुलाची चिठ्ठी मिळाली. त्याला सगळे वकील म्हणत. हरकत घेण्याआधी तो अंगठ्याचं नख कुरतडे. कोणी शाबासकी दिली तर तो वहीला हात लावत नसे, चूक दाखवली की तारखेसकट लिहून घेई. बाईंनी सारं टिपलं. त्या तीन आठवड्यांत त्या स्वतःही जरा ताठ बसू लागल्या, कपड्यांना इस्त्री करू लागल्या. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, हे त्यांना फार दिवसांनी वाटत होतं.

वाचनाचा दिवस आला. बाईंचं ऐकून वकिलाचे कान लाल झाले. "बाई, हे माझ्या आईलाही माहीत नाही!" मग आणखी एकीने वकिलावरच वाचलं. एकेक करत सगळ्यांचं झालं आणि सरांनी फाइल मिटली.

"सर, माझ्यावर कोणी लिहिलंय?"

सरांनी यादी पाहिली आणि जीभ चावली. "अरेच्चा! याचं नाव दोनदा लिहिलं गेलं, बाई. तुमचं राहूनच गेलं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. बाईही हसल्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "काय गं लिहिलं तुझ्याबद्दल?"

"बरंच काही. चांगलं लिहिलं होतं."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा कसा शिक्षक विसरतो? आपण नाही कधी कोणाला विसरलो! त्याच रागात त्यांनी कागद ओढला आणि गेल्या वर्षीच्या वर्गाची नावं लिहायला घेतली. एकूण एकेचाळीस. हुशार मुलं, द्वाड मुलं, रोज उशिरा येणारी, भराभर उतरली. अडतीसवर पेन अडलं. त्यांनी डोळे मिटून एकेक बाक आठवून पाहिला. छे!

सकाळी त्यांनी शाळेच्या क्लार्कला फोन लावला. "भाऊ, गेल्या वर्षीचा हजेरीपट काढता का जरा?"

राहिलेली तीन नावं त्याने वाचली. पहिल्या दोन नावांना बाईंनी कपाळावर हात मारला. तिसरं एका मुलीचं होतं.

"पुन्हा वाचा." त्याने वाचलं. "कशी होती हो ती?"

"कमाल झाली, बाई! वर्ग तुमचा आणि विचारता मला? वर्षभरात एक खाडा नाही पोरीचा."

पुढच्या बुधवारी बाईंनी आपण पीएचडीचा विषय बदलत असल्याचं जाहीर केलं: शिक्षकांच्या लक्षात न राहणारी मुलं. सुरुवात त्यांनी स्वतःच्या चुकीपासून केली. सर ओशाळून काही बोलू लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, सर. मीही त्याच माळेतली."

"पण आठवतच नाहीत, ती मुलं शोधणार कशी?" वकिलाने विचारलं.

"हजेरीपटात असतात ती, रोज."

त्याच आठवड्यात त्या शाळेत गेल्या. मधल्या सुट्टीत शिपायाने मुलीला आणून उभं केलं. बारीक चणीची, तेल लावलेल्या दोन घट्ट वेण्या. चेहरा पाहूनही बाईंना काही आठवलं नाही.

"तू कुठे बसायचीस गं?"

"पहिल्या बाकावर. तुमच्या टेबलासमोर."

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. दोघी पायरीवर बसून राहिल्या, घंटा होईपर्यंत.